बत्तीस मजले आणि एक लुगडं

वर बघता बघता सावित्रीबाईंचा पदर डोक्यावरून घसरला, तरी बत्तिसावा मजला काही नजरेत मावेना.

"माणसांनीच बांधलं का गं हे?"

"माणसांनीच, आजी." गौरी हसली. बँकेत ती बिल्डरांचे प्रकल्प तपासायची. तिच्या अहवालावर कर्ज ठरायचं. आज मात्र ती आजीसाठी आली होती. आजोबांनी, हणमंतरावांनी, पोटाला चिमटा घेऊन मागं ठेवलेला सहाशे गजांचा प्लॉट वेणुगोपाल बिल्डरला हवा होता. बदल्यात त्या जागेवर, या टॉवरच्या शेजारी उठणाऱ्या नव्या टॉवरमध्ये तीन फ्लॅट. लगतच्या अकरा प्लॉटवाल्यांनी सह्या दिल्या होत्या. अडलं होतं बाईंपाशी.

"कागद क्लिअर आहेत," गौरी म्हणाली. "हा टॉवर तर पूर्ण विकला गेलाय."

"मग कपडे कुठं वाळत घालतात?"

"बाहर डालना मना है, अम्मा," टॉवर दाखवायला आलेला वेणुगोपाल म्हणाला. "रूल है."

"हौ? मग वर ने मला."

पोटातलं पाणी न हलवता लिफ्टनं अठराव्या मजल्यावर सोडलं. काचेतून बाई बघतच राहिल्या. तलाव परातीएवढा, आपला प्लॉट रुमालाएवढा. हात आपसूक जोडले गेले. मग त्या दारांकडं वळल्या. आठ दारं, एकाहीपुढं चप्पल नाही, रांगोळी नाही. गुडघे धरत त्या जिन्यानं उतरू लागल्या. पंधराव्यावर एकदाचा चपलांचा जोड दिसला. बेल दाबताच एका म्हातारीनं दार उघडून त्यांचा हातच धरला.

"आओ ना अम्मा, चाय पीके जाओ."

"बाकी लोगां किधर?"

"कोई नै. सब लेके छोड दिये, रेट चढने के वास्ते."

"और कपडे?"

"बाथरूम में सुखाती."

गौरीच्या अहवालात विकलेले फ्लॅट मोजायचा रकाना होता. राहत्या घरांचा नव्हता.

"बिक गया ना, अम्मा," वेणुगोपाल म्हणाला. "रहना उनकी मर्जी."

"तुझं विकलं रे. माझे तीन मी कुणाच्या गळ्यात बांधू? विकायला काढले, तर हे सगळे कुलूपवाले माझ्या आधी रांगेत. दारापुढं चपला दिसल्या की काचीगुड्याला माझ्या घरी ये. पेन मी देईन."

खाली येऊन बाईंनी पुन्हा मान वर केली. छाती दडपली ती दडपलीच. केवढं उभं केलं होतं माणसांनी. एवढ्यात पंधराव्या मजल्याच्या कठड्यावर कुणीतरी एक हिरवं लुगडं झटकून पसरलं. ते वाऱ्यावर फडफडायला लागलं, तसा सावित्रीबाईंनी पदर डोक्यावर सारखा केला.