सर जिन्यात आहेत

वसुधा गुप्तेला एखादं काम सांगितलं की ते झालंच म्हणून समजावं, अशी अंधेरीच्या त्या कॉलेजात तिची ख्याती होती. ख्याती कसली, शिक्षाच ती. गॅदरिंगचा मांडव असो, परीक्षेची बैठकव्यवस्था असो की तुंबलेलं बेसिन, "गुप्तेबाईंना विचारा" हे ठरलेलं. एकाहत्तरचा पावसाळा सरला, लढाईची कुणकुण लागली, खिडक्यांना काळे पडदे लावा असा हुकूम आला आणि वेळ आलीच तर ही इमारत झटपट रिकामी कशी करायची, याची तयारी कोणीतरी करून घ्यावी असं निघालं. तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. वसुधा रसायनशास्त्र शिकवायची. तिने आधी कपातला चहा संपवला आणि मग म्हणाली, "करते. पण मी सांगेन तसं सगळ्यांनी वागायचं."

वागू म्हणायला कोणाचं काय जातं? सगळे हो म्हणाले.

कॉलेज जुनं, पण इमारत नवी, वर तीन मजले, आणि जिना एकच. दुसरा जिना होता, पण नकाशात. सिमेंटचं परमिट आलं की बांधू, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगून झालं होतं. भाषणाला वर्षं लोटली, परमिट यायचं होतं. त्या जिन्यासाठी सोडलेल्या दारांत विटा रचून ठेवल्या होत्या आणि शेजारच्या नळावर कॅन्टीनवाला कपबश्या विसळायचा.

तिसऱ्या मजल्यावर वसुधाची प्रयोगशाळा. तिचीच म्हणायची, कारण कॉलेजने तिला चार भिंती आणि एक नळ दिला होता, बाकी सगळं तिने साकीनाक्याच्या वर्कशॉपांमधून घासाघीस करून बनवून आणलं होतं. लग्न का केलं नाहीस असं कोणी विचारलं की ती हसून वर बोट दाखवायची. लोकांना वाटायचं ती देवाकडे बोट दाखवते आहे. ती तिसरा मजला दाखवत असे.

आणि नेमका तोच मजला धोक्यात आला. नागरी संरक्षण दलाचे काळसेकर म्हणून एक अधिकारी इमारत बघायला आले. माणूस मालवणकडचा, बोलायला रोखठोक. जिन्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"बाई, विमानतळ हाकेवर आहे आणि तुमच्याकडे जिना एकच. टोल वाजल्यावर ही सगळी पोरं धड खाली आली तर ठीक. नाहीतर तिसरा मजला मी बंद करायला लावणार. तुमच्या प्रयोगशाळेसकट."

"म्हणजे बी.एस्सी.च्या मुलांचं वर्ष जाईल."

"वर्ष गेलेलं बरं की पोरं गेलेली?"

"पोरं येतील खाली," वसुधा म्हणाली. "येऊन बघा."

ती कामाला लागली. वरच्या मजल्याने आधी उतरायचं, दोघा-दोघांच्या रांगेने. दप्तर, छत्री, चप्पल, काहीही उचलायला थांबायचं नाही. ज्याचा वर्ग त्या शिक्षकाने सर्वांत शेवटी निघायचं. जिन्याच्या मधल्या चौकात तिने सगुणाला उभं केलं. सगुणा तिच्याच वर्गातली, वेसाव्याची, कोळ्यांची पोर. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच, आणि आईच्या पाटीशेजारी बसून बाजारात हाक मारायला शिकलेली. तिने "चला, चला" म्हटलं की तळमजल्यावरचा ऑफिसचा क्लार्कसुद्धा उठून उभा राहायचा.

पहिल्या कवायतीच्या दिवशी धाकू शिपायाने टोल बडवायला सुरुवात केली आणि तिसरा मजला असा काही सुरेख उतरायला लागला की वसुधाला स्वतःचीच दृष्ट लागेल असं वाटलं. काळसेकर खाली पटांगणात उभे. वसुधा दुसऱ्या मजल्याच्या चौकात, तोंडात शिट्टी. आणि त्याच वेळी पहिल्या मजल्यावरच्या आपल्या खोलीतून प्राचार्य राजाध्यक्ष बाहेर आले.

राजाध्यक्ष सर म्हणजे कॉलेजचं दैवत. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, एक गुडघा दुखरा. संस्कृत शिकवायचे आणि गडबड ऐकू आली की जिन्यात येऊन उभे राहायचे. कॉलेज सुरू झालं तेव्हा त्यांनी एक रीत घालून दिली होती. गुरुजन जिन्यात आले की विद्यार्थ्याने भिंतीला पाठ लावायची, पाय जुळवायचे, हात जोडायचे आणि ते पुढे जाईपर्यंत हलायचं नाही. आता ते कोणाला सांगावंही लागत नसे. बाकीच्या शिक्षकांच्या बाबतीत मुलं जरा अंगचोरी करायची. सरांच्या बाबतीत कधीच नाही. दाखला न्यायला आलेले जुने विद्यार्थीसुद्धा, डोक्याला टक्कल पडलेले, बरोबर बायको असलेले, सर दिसले की भिंतीला चिकटायचे.

सर कठड्याला धरून एकेक पायरी चढू लागले. "सर जिन्यात आहेत," कोणीतरी पुटपुटलं. ती कुजबुज पायरी-पायरीने वर गेली, आणि जिथे पोचली तिथली रांग थांबली. डावी ओळ डाव्या भिंतीला, उजवी ओळ उजव्या भिंतीला. टोल घणघणतो आहे, आणि पोरं हात जोडून उभी. सर मधून चालले आहेत, कोणाला "वाचन कसं चाललंय?" म्हणून विचारताहेत.

पटांगणात कोणी येईना, तेव्हा काळसेकर आत आले आणि वर बघतच राहिले.

"काय हो हे? गार्ड ऑफ ऑनर?"

"पाहिलंत?" सर वरून प्रसन्नपणे म्हणाले. "केवढा टोल वाजतोय, पण शिस्त बघा."

वसुधाला हसावं की रडावं कळेना. मग तिच्या लक्षात आलं की तिची स्वतःची पाठ भिंतीला लागली आहे, पाय जुळलेले आहेत, हात जोडलेले आहेत आणि शिट्टी तोंडातच आहे. इंटरला तिला संस्कृत याच सरांनी शिकवलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ; बोलणार कोणाला?

काळसेकरांनी आठवड्याची मुदत दिली आणि ते गेले. स्टाफरूममध्ये सगळ्यांना अडचण कळली होती, पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणी तयार नव्हतं. शेवटी गुप्तेबाईच गेल्या.

"सर, तुम्ही टोल वाजल्यावर जिन्यात येऊ नका."

"मुलांना धीर वाटतो मी दिसलो की."

"मुलं थांबतात सर. खरोखर आग लागली तरी थांबतील."

सरांनी चष्मा काढला. "म्हणजे मी लावलेल्या शिस्तीने पोरं मरतील, असं म्हणायचंय तुला?"

या माणसासमोर तिने आजवर आवाज चढवला नव्हता, उलट उत्तर तर लांबच. पण खोटं बोलून हे काम होणारं नव्हतं.

"हो सर."

"जा तू," सर म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले होते, आणि ते तिला संध्याकाळभर खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत वसुधा पाहते तर सर स्वतः जिन्याच्या मध्यावर उभे. "चला! मला ओलांडून जा! थांबायचं नाही!" पोरांनी ते अत्यंत आदराने ऐकून घेतलं आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. सर चिडले, तशी पोरं आणखी चिकटली. नंदकुमार नावाचा त्यांचा लाडका विद्यार्थी तेवढा धीर करून पुढे सरकला, सरांच्या पायरीपर्यंत आला आणि वाकून पाया पडला. सगळा पालथ्या घड्यावर पाणी घालण्याचा प्रकार. सर घामाघूम होऊन खोलीत परतले.

"मी आतच बसतो," ते वसुधाला म्हणाले. "दुसरा उपाय नाही."

दुसऱ्या कवायतीला ते खोलीचं दार लावून बसले आणि सगळी इमारत पाण्यासारखी वाहत खाली आली. काळसेकरांनी वसुधाला चक्क सलाम ठोकला. प्रयोगशाळा वाचली. स्टाफरूममध्ये बटाटेवडे आले, आणि वसुधानेही दोन खाल्ले. पण तिला पक्कं ठाऊक होतं की आपण पास झालो ते सरांना कोंडून. खरं संकट काही सर खोलीत आहेत ना, हे विचारून येणार नव्हतं.

घोडामैदान जवळच होतं. लढाई अजून सुरू व्हायची होती, विमानंही आली नव्हती. आले ते वेसाव्याकडून दुपारचे वारे. प्रयोगशाळेच्या उघड्या खिडकीतला काळा पडदा, शत्रूला दिवा दिसू नये म्हणून वसुधानेच शिवून घेतलेला, वाऱ्याने फडफडला आणि पेटत्या बर्नरवर जाऊन पडला. तो भडकला, खाली पडला, आणि शेजारच्या स्पिरिटच्या बाटलीने बाकीचं केलं.

वसुधाने पहिल्यांदा गॅसचा मुख्य कॉक बंद केला. मग वाळूची बादली उचलली आणि दुसऱ्याच क्षणी खाली ठेवली, कारण ज्वाळा मांडणीपर्यंत गेल्या होत्या आणि मांडणीवर काय काय आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? "सगुणा, बाहेर! सगळे बाहेर!" सगुणाची हाक तीन मजले ओलांडून गेली. खाली धाकूने टोल हाणला. वसुधाने वर्ग पुढे घातला, दार ओढून घेतलं आणि वळली. धूर दाराच्या फटींतून व्हरांड्यात येतच होता. आणि समोरच्या वर्गातून सरांचा संस्कृतचा तास बाहेर पडत होता.

ती जिन्याकडे धावली.

शिक्षकाने शेवटी निघायचं, हे सरांना पाठ होतं. पण त्यांच्या मुलांना ते कसं पटणार? "सर, आधी तुम्ही," म्हणत त्यांनी सरांना पुढे काढलं होतं. नंदकुमारने त्यांचा दंड धरला होता. सर पहिल्या पायरीवर उभे, दुखरा गुडघा वाकत नव्हता, आणि त्यांच्यामागे सगळा मजला दोन्ही भिंतींना चिकटून उभा. वसुधाची मुलं तिच्या डोळ्यांदेखत त्या रांगेला जाऊन लागली. खालच्या चौकातल्या मुलांनी वर पाहिलं आणि तीही थांबली. ठसका लागलेला, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि हात जोडलेले.

"सर..." वसुधाने ओरडायला तोंड उघडलं. धूर घशात गेला आणि आवाजच फुटेना. तिला त्या क्षणी स्वतःचा भयंकर राग आला. सगळी हुशारी, सगळ्या शिट्ट्या, आणि ही पोरं इथे उभ्याउभ्या गुदमरणार, कारण आपण खोटं पास झालो.

सरांनी मागे वळून पाहिलं. एका भिंतीकडे पाहिलं, दुसऱ्या भिंतीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय उतरलं ते वसुधाने पाहिलं आणि तिला त्यांची फार दया आली. त्यांनी नंदकुमारचा हात सोडवला. एक पाऊल बाजूला झाले, पाठ भिंतीला लावली, पाय जुळवले, मान खाली घातली आणि हात जोडले. शाळकरी मुलाने उभं राहावं तसे, त्या पोरांना वाट देऊन उभे राहिले.

क्षणभर कोणाला काही समजलं नाही. मग सगुणाच्या आवाजाने जिना हादरला. "सरांनी वाट दिलीय! चला रे! काय बघतंस नंदू, हो पुढं!"

नंदकुमार सुटला. त्याच्यामागे सगळी सुटली. कोणाचं कोपर सरांच्या छातीला लागलं, कोणाच्या खांद्याने त्यांची टोपी उडाली, ती पायऱ्यांवरून गडगडत गेली, आणि कोणीही ती उचलायला थांबलं नाही. सर तसेच, हात जोडून. खालून पावलांचा आवाज धो धो येत राहिला आणि हळूहळू पटांगणात जाऊन विरला.

"चला सर," वसुधा समोरच्या भिंतीपासून म्हणाली. धूर आता डोक्याशी आला होता. तिने त्यांचा दंड धरला आणि दोघं खाली उतरली.

बंब आला, आग विझली. प्रयोगशाळेचा अर्धा भाग जळला, साकीनाक्याचे स्टँड वाकडे झाले. वसुधाला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण पटांगणात शिक्षकांनी आपापली मुलं तपासली आणि एकही कमी नाही असं सगुणा ओरडून सांगत आली, तेव्हा तिला जे वाटलं त्यापुढे ते दुःख अगदीच किरकोळ होतं. प्रयोगशाळा ती पुन्हा उभारणार होती. एकदा उभारली होतीच की.

कॅन्टीनवाल्याने सरांना स्टूल दिलं होतं. ते बोडक्या डोक्याने बसले होते, केस विस्कटलेले, कोटाचं एक बटण तुटलेलं.

"वसुधा, आज एकही पोरगं माझ्यासाठी थांबलं नाही गं." वर्ग विद्यापीठात पहिला आल्यासारखा त्यांचा आवाज होता.

"हो सर."

"तू सोडून. तू होतीस समोरच्या भिंतीला."

"मी शेवटी निघायचं असं ठरलंच होतं सर."

"ते खरं," सर म्हणाले. "पण हात जोडायचं कुठे ठरलं होतं? आणि काहीही उचलायला थांबायचं नाही, हा नियम कोणाचा?"

वसुधाने खाली पाहिलं. तिच्या हातात सरांची काळी टोपी होती. जिन्यात वाकून ती केव्हा उचलली, हे तिला आठवेना.

"दोन चुका," सर म्हणाले. "सगळं कॉलेज पास झालं. तू तेवढी नापास."

वसुधाने टोपीवरची काजळी झटकली आणि ती त्यांच्या डोक्यावर ठेवली.