तेल पाणी पिते म्हणे

दिघोरीच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, तीन गावचे लोक जमले होते. तेलबाबाच्या हातात काचेचा गिलास, त्यात कापराच्या वासाचं नितळ तेल. रोग्याच्या ओंजळीतलं पाणी तो मोजून सात थेंब टाके, काडीनं ढवळे. पाणी गायब! तेल जसंच्या तसं नितळ.

"देखो! तेलानं पाणी पिलं, पाण्यासंग रोग पिला! आता सुई नाही, गोळी नाही!"

लोक हात जोडून रडत होते. आमची आईही. माझी बहीण कीर्ती सतरा वर्षांची, लहानपणापासून इन्सुलिनवर. तिचं पाणीही तेलानं पिलं.

"आई, सुई बंद नको करू."

"चूप रे! डोळ्यानं पाहलं नं तू?"

पाहलं होतं. मंग मीही हात जोडले. कीर्ती हासून म्हणे, "दादा, पोटाले भोकं पाडणं सुटलं माझं."

चौथ्या दिवशी उलट्या, धाप. भंडाऱ्याले नेता नेता रस्त्यातच गेली.

तेरवीनंतर बाबानं दिलेली प्रसादाच्या तेलाची शिशी उघडली. सात थेंब पाणी टाकलं, ढवळलं, गायब. मंग दहा, पंधरा, वीस... तेल दुधावानी पांढरं! मोबाईलवर वाचत बसलो, अन् गुरुवारी, बाबाच्या बैठकीच्या दिवशी, शिशी घेऊन पारीवर गेलो. पांढरं झालेलं तेल बाबाले दाखवलं.

"अविश्वासी हातानं तेल नासते, बेटा!"

"मंग तुमच्या हातानं टाका, महाराज. वीस थेंब."

बाबा झोळी आवरायले लागला. शेजारच्या तेजराम काकानं गिलास ओढून घेतला, पाणी ओतलं, ढवळलं.

"अबे, हे तं धानाच्या फवाऱ्याच्या टाकीवानी पांढरं झालं!"

सगळेच धानवाले. फवाऱ्याचं औषध पाण्यात टाकलं का दुधावानी होते, हे सगळ्यांनीच पाहलं होतं.

त्या तेलात साबणासारखं औषध कालवलं होतं. त्याच्या कणाचं एक टोक पाण्याकडं ओढते, दुसरं तेलाकडं. हे कण गोळा होऊन पाण्याले घेरतात. पाणवाली टोकं आत, तेलवाली बाहेर. गोळे इतके बारीक का उजेड आरपार जाते, म्हणून तेल नितळ दिसते. पाणी वाढलं का घेरायले साबण पुरत नाही, थेंब मोठे होतात, पांढरं दिसते. पाणी कुठंच गेलं नव्हतं. रोगही गेला नव्हता.

घरी आई म्हणाली, "त्याच दिवशी जास्त पाणी टाकलं असतं, तं समजलं असतं?"

खोटं बोलता आलं असतं.

"हो," म्हणलो.

म्हणून लिहून राहिलो. डोळ्यानं दिसलं म्हणून मानू नका. हात लावा, विचारा. अन् चालू औषध डॉक्टरले विचारल्याबिगर कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. मी विचारलं नाही. मी तिचा मोठा भाऊ होतो.