नऊ तास चाळीस मिनिटांचं गतिमान प्रशासन

दिल्लीच्या द्वारका भागातल्या एका सरकारी प्रशिक्षण संस्थेत 'दृक्-श्राव्य विभाग' अशी पाटी असलेली एक खोली आहे. त्या विभागात कौसल्या मेश्राम एकटीच. कॅमेरा तिचा, तिपाई तिची, वायरींचा गुंता तिचा आणि काही बिघडलं तर दोषही तिचाच. भंडाऱ्याहून नोकरीसाठी दिल्लीत आली त्याला आता चौदा वर्षं झाली होती, आणि एवढ्या काळात तिने इतकी भाषणं चित्रित केली होती, की वक्ता पहिला घोट पाणी कधी पिणार हे ती आधीच सांगू शकली असती.

तिचे साहेब उपसंचालक उदयसिंह निंबाळकर. चारचौघांत ते तिला 'मेश्राम मॅडम' म्हणत आणि हिंदीत बोलत. काम काढून घ्यायचं असलं की मात्र त्यांना मराठी आठवे. त्यामुळे त्या सोमवारी त्यांनी दारातूनच "कौसल्याताई" अशी हाक मारली, तेव्हाच ती समजून चुकली.

प्रकरण असं होतं. संस्थेने 'गतिमान प्रशासन' या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली होती. तिचं चित्रीकरण मंत्रालयाला पाठवायचं होतं. पेनड्राइव्ह मंत्रालयाच्या दारातून आत जात नाही, कारण सुरक्षेचा प्रश्न. ईमेलवर एवढी मोठी फाइल चढत नाही. राहिली डिस्क. आणि डिस्कबद्दल अभिलेख शाखेचं एक जुनं परिपत्रक होतं: एका कार्यक्रमाला एकच डिस्क. ज्याने ते काढलं तो केव्हाच निवृत्त झाला होता, परिपत्रक मात्र अजून सेवेत होतं.

कार्यशाळा नऊ तास चाळीस मिनिटांची. मूळ फाइल नव्वद जीबीच्या वर. डिस्क साडेचार जीबीचीही धड नाही. कौसल्याने हे नीट समजावून सांगितलं. एकतर थोडं कापावं लागेल, नाहीतर चित्र धूसर होईल, नाहीतर दोन डिस्क लागतील. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, डिस्क एकच, एक मिनिटही कापायचं नाही आणि क्वालिटी तसूभर कमी व्हायला नको. बाकी तुम्ही तज्ज्ञ आहात.

तिने नव्या पद्धतीने फाइल दाबायला घेतली. या पद्धतीत संगणक प्रत्येक दृश्याला त्याच्या गरजेपुरतीच जागा देतो. चित्रात हालचाल जास्त, तर जागा जास्त. काही हललंच नाही, तर आधीचंच चित्र पुढे चालू ठेवतो. दुसऱ्या दिवशी फाइल निघाली पाच पूर्णांक दोन जीबीची. म्हणजे आठशे एमबी जादा.

कुठे किती जागा गेली त्याचा तिने आलेख काढून पाहिला, आणि तिला हसू आलं. पुष्पगुच्छांच्या वेळी रेघ उंच गेलेली. जेवणाच्या वेळी त्याहून उंच, कारण तिथे सगळे अधिकारी विलक्षण चपळाईने हालचाल करत होते. नंतर भाषणांचं लांबलचक सपाट माळरान. आणि कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच सुळका, बावीस मिनिटांचा.

तो सुळका म्हणजे शेवंता भिसे. हिंगोली जिल्ह्यातली ग्रामसेविका. तिचे गटविकास अधिकारी आजारी पडले म्हणून ऐनवेळी तिला पाठवलेलं. तिने भाषण केलं नाही. एका विधवा बाईचा पेन्शनचा अर्ज हातात घेतला आणि तो हॉलभर फिरवला. पहिल्या रांगेतल्या साहेबापुढे ठेवला, त्रुटी म्हणून परत घेतला, तिसऱ्या रांगेत नेला, तिथून पुन्हा पहिल्या. कॅमेरा हातात घेऊन कौसल्या तिच्यामागे पळत होती. आधी लोक हसले. अकराव्या टेबलापाशी कुणी हसत नव्हतं.

निंबाळकरांनी आकडे पाहिले आणि तोडगा त्यांना लगेच सुचला. शेवंताची बावीस मिनिटं काढून टाका, आणि कमी पडलं तर चहाची मधली सुट्टी. एक मिनिटही कापायचं नाही, असं आपणच म्हणालो होतो, याचा त्यांना विसर पडला होता. कौसल्याने विचारलं, जेवण काढलं तर चालेल का, ते सत्तेचाळीस मिनिटांचं आहे.

"जेवणात सचिवसाहेब माझ्याशी बोलतायत," ते म्हणाले. "ते राहू द्या. त्या बाईचं तसंही विषयाला धरून नव्हतं."

कौसल्याने आकड्यांचा कागद परत घेतला. पण तिच्या डोक्यात ते राहिलं. दोन दिवसांत विषयाला धरून कोणी बोललं असेल तर शेवंता एकटीच, असं तिला वाटत होतं, आणि असं वाटणं ज्या खुर्चीला परवडतं त्या खुर्चीवर ती बसलेली नव्हती.

रविवारी सकाळी लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये ती लॅपटॉप उघडून बसली होती. नवरा धम्मपाल पोह्यांची बशी घेऊन मागे येऊन उभा राहिला. पडद्यावर निंबाळकरसाहेबांचं बीजभाषण चालू होतं, एक तास चाळीस मिनिटांचं. ते कागदात मान घालून वाचत होते. तोंडासमोर माइक, त्यामुळे ओठ दिसत नव्हते. धम्मपाल बराच वेळ पाहत राहिला.

"हे हँग झालंय का?" त्याने विचारलं.

"नाही, चालू आहे."

"अच्छा," म्हणून तो खायला बसला.

कौसल्याचा हात मात्र थांबला. व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं असतात. त्या माणसासाठी पंचवीस कशाला? तिने त्या भाषणाला सेकंदाला एकच चित्र ठेवलं. प्रत्येक चित्र होतं तितकंच लख्ख, आवाज होता तसाच. मग बाकीची सगळी कागदावरची भाषणं तशीच केली. संध्याकाळी फाइल निघाली ती डिस्कवर बसून थोडी जागा उरेल एवढी. शेवंताच्या बावीस मिनिटांना तिने हातही लावला नव्हता.

सोमवारी साहेबांनी स्वतःचं भाषण दहा मिनिटं पाहिलं. चष्मा काढून, चष्मा लावून. मग जेवणाचा भाग पूर्ण पाहिला. "बिल्कुल फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "बघा, मनावर घेतलं की होतं." आणि डिस्कसोबत मंत्रालयात जाणाऱ्या प्रमाणपत्रावर त्यांनी सही केली: कोणताही भाग न वगळता संपूर्ण कार्यशाळेचं चित्रीकरण एका डिस्कवर सादर. बावीस मिनिटं गेली असणार असं ते धरूनच चालले होते, पण सही करताना त्यांचा हात अडखळला नाही.

महिन्याभराने हिंगोलीहून पत्र आलं. शेवंता भिसे दिल्लीला गेल्या होत्या म्हणतात, परंतु आपल्या अहवालातील वक्त्यांच्या यादीत त्यांचं नाव नाही, तरी त्यांचे पाच दिवस विनापरवानगी गैरहजेरी का धरू नयेत? अहवाल निंबाळकरांनीच लिहिला होता. त्यात सचिवसाहेबांचं नाव सात वेळा होतं.

त्यांनी कौसल्याला बोलावलं. 'नोंद आढळत नाही' असं एका ओळीत कळवून टाकू, म्हणाले. उगाच अहवाल दुरुस्त करत बसायचा कशाला.

"नोंद आहे, सर," कौसल्या म्हणाली. "डिस्कवर. सातव्या तासाला, बारा मिनिटांनी सुरू होते. चेहरा अगदी स्पष्ट आहे."

साहेबांची पंचाईत झाली. बाई आलीच नाही असं लिहावं, तर मंत्रालयात त्यांच्याच सहीची डिस्क बाईला हॉलभर फिरवत होती. डिस्क अपुरी म्हणावी, तर प्रमाणपत्र खोटं. त्यांनी टेबलावरचा पेपरवेट दोनदा फिरवला. कौसल्या न सांगता काही करून बसली याचा त्यांना राग आला होता, आणि तिच्यामुळे आपण खोटे ठरलो नाही याची सुटकाही वाटत होती. दोन्ही चेहऱ्यावर दिसू नये म्हणून ते खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबांकडे पाहू लागले. मग त्यांनी 'होय, त्या आल्या होत्या' असं उत्तर टाइप करून आणायला सांगितलं.

ती कागद घेऊन आली. सही करताना त्यांनी मान वर न करता विचारलं, "पण मग ते सगळं बसलं कसं?"

"भाषणांमध्ये जागा निघाली, सर."

"हं. म्हणजे भाषणं आटोपशीर होती."

कौसल्याने कागद उचलला, सही कोरडी झाली आहे ना ते पाहिलं, आणि हो म्हणाली. शेवंताचे पाच दिवस पुढच्याच महिन्यात कर्तव्यावरचे धरले गेले.