वरवंट्यावरचा ब्रेक पाइप

वासोण्याच्या सफारीत सिंह बघून परत येताना उतारावर ब्रेकचं पेडल एकदम तळाला गेलं. पुढच्या चाकांनी अर्धामुर्धा ब्रेक धरला, मी गियर उतरवला, हातब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या गवतात नेऊन उभी केली. कुणाला साधं खरचटलंही नाही. पण शेजारी बसलेल्या माझ्या सासूबाई, मंजुळाबाई, खाली उतरल्या त्या मागे वळूनही न बघता चालू लागल्या. रिक्षा मिळाल्यावर तिच्यात बसता बसता एवढंच म्हणाल्या, "मी बसाव नही आते त्या गाडीमा."

झालं. माझा नवरा संजू आईच्या शब्दाबाहेर नाही. गाडी ओढून घरी आणली आणि दुसऱ्याच दिवशी त्याने भंगारवाल्याला फोन लावला. रविवारी येतो म्हणाला तो. ही छोटी लाल गाडी आम्ही कोकणातल्या एका मास्तरांकडून घेतलेली, तेव्हाच म्हातारी होती. संजूला गाडी चालवायला आवडत नाही, मला आवडते. अमळनेरच्या आमच्या अख्ख्या गोतावळ्यात स्टिअरिंग धरणारी मी पहिली बाई. मसाटच्या फॅक्टरीच्या गेटातून माझी गाडी आत वळते तेव्हा माझी मान ताठ असते, आणि ती ताठ ठेवायला मला कुणाची परवानगी नको असते. गाडी भंगारात जाणार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं.

नाक्यावरच्या गॅरेजवाल्या काळूने खाली शिरून बघितलं. मागच्या चाकांकडे जाणारा लोखंडी ब्रेक पाइप एका क्लिपखाली कुजून फुटला होता. क्लिपमधलं रबर गेलेलं, आत चिखल बसलेला, आमच्याकडच्या ओलीत लोखंड किती टिकणार. काळू म्हणाला, तेवढा तुकडा कापून जोड देतो. मी म्हटलं, एका क्लिपखाली कुजला तो बाकीच्यांखाली काय ठणठणीत असेल? सगळा पाइप बदल. त्यावर त्याने हात झटकले. बॉनेटपासून टाकीच्या वरून मागच्या आसापर्यंत तो पाइप कसा वळत वळत जातो ते दाखवलं आणि म्हणाला, आता एवढा वाकवत कोण बसतो, ताई?

हे त्याने कुणाला विचारावं? मी फॅक्टरीत दिवसभर एसीचे तांब्याचे पाइप वाकवते. माझ्या हाताखालून गेलेल्या वळणाला सुरकुती पडत नाही, हे आमचा सुपरवायझर नव्या मुलींना माझ्याकडे बोट दाखवून सांगतो. संजू म्हणाला, मग तांब्याचाच तुकडा घेऊन ये ना तिकडून. मी त्याला असं बघितलं की तो चहा अर्धा टाकून उठला. एक तर ती चोरी, आणि दुसरं म्हणजे ब्रेकचा दाब सोसणं त्या तांब्याचं काम नाही. वापीच्या दुकानातून मी ब्रेकचाच, गंज धरू नये म्हणून मुलामा दिलेला लोखंडी पाइप आणला. काळूने एक टोक गॅरेजमध्येच फुलवून दिलं, म्हणजे जोडात घट्ट बसावं म्हणून त्याचं तोंड रुंद केलं, आणि दुसऱ्या टोकासाठी ते हत्यारही घरी न्यायला दिलं. त्या मदतीबद्दल मी त्याला बाकी सगळं माफ केलं.

जुना पाइप मी न तोडता अख्खा बाहेर काढला आणि घरापुढच्या ओट्यावर आडवा ठेवला. शेजारी नवा. खडूने खुणा केल्या आणि एकेक वळण जुन्यावर बघून नव्यावर उतरवायला घेतलं. फॅक्टरीतलं यंत्र घरी नव्हतं. हाताने वाकवला तर पाइप चेपणार, काहीतरी गोल आणि घट्ट हवं. मी स्वयंपाकघरातून वरवंटा उचलून आणला.

तो वरवंटा आत्याबाईंचा, सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. लग्नात माहेराहून आलेला, ठेच्याशिवाय कशाला न लागलेला. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या. आता तोफ सुटणार म्हणून मी मान खाली घालून पाइप वाकवत राहिले. वळण गोल, गुळगुळीत आलं. थोड्या वेळाने त्या खाली बसल्या आणि वरवंटा दोन्ही हातांनी दाबून धरला, म्हणजे मला दोन्ही हात मोकळे. तिथून पुढची सगळी वळणं आम्ही दोघींनी घेतली.

आणि मग मी माती खाल्ली. पुढचं टोक ऐटीत फुलवलं, गाडीखाली शिरले, पाइप नव्या क्लिपांत बसवला, सायलेन्सरपासून लांब, टाकीला न घासता. बॉनेट उघडून टोक जागेवर नेलं तर ते आवळायचा नट माझ्या खिशात. आमच्या फॅक्टरीत टोकं गॅसवर जोडतात, नट नसतोच, त्यामुळे टोक फुलवण्याआधी तो ओवायचा असतो हे माझ्या हातांना ठाऊकच नाही. फुललेल्या टोकावरून तो चढेना. मी स्वतःला दिल्या तेवढ्या शिव्या संजूलाही कधी दिल्या नाहीत. टोक कापावं लागलं. हादरे सोसायला तिथे पाइपला वेटोळं असतं, ते मी नशिबाने सैल ठेवलं होतं. तेवढी लांबी त्यातून निघाली. नट ओवला, दोनदा बघितला, मग फुलवलं.

राहिली पाइपात शिरलेली हवा काढायची. एकाने मागच्या चाकाशी बसायचं आणि दुसऱ्याने पेडल दाबायचं. संजू ड्यूटीवर. घरात आत्याबाईच. मी चाकांना विटा लावल्या, चावी काढून त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं की गाडी जागची हलणार नाही. त्यांनी चावी मुठीत घट्ट धरली. मग चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तशा आत बसल्या.

मी ओरडायचे दाबा, त्या दाबून धरायच्या. मी चाकामागच्या निपलातून हवा सोडायचे, निपल बंद करायचे, मग ओरडायचे सोडा. ऑइल संपू नये म्हणून मध्ये मध्ये उठून भरत होते. बुडबुडे कमी होत गेले, आणि मग नुसतं स्वच्छ ऑइल आलं. आतून आवाज आला, "रोहिणी, आते कडक लागस." मी सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसले, त्यांना जोर लावून पेडल धरायला सांगितलं आणि पुन्हा पुसले. फडकं कोरडंच राहिलं. रविवारी सकाळी काळूने खालून सगळं तपासलं, गल्लीत ब्रेक मारून बघितले आणि हे कुणी वाकवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मी. लाजायचं काय त्यात?

तेवढ्यात संजू भंगारवाल्याला घेऊन आला. गाडी चालते हे त्याला पटलं, तरी त्याचं एकच. "आई बसणार नाही, मग कुणासाठी ठेवायची?"

आत्याबाई पदर खोचून घरातून आल्या. पुढचं दार उघडलं, बसल्या, दार ओढून घेतलं. काच खाली करून भंगारवाल्याला म्हणाल्या, "मना वरवंटावर वाकाडेल पाइप शे. फुटाव नही."

मी त्यांना वासोण्याच्याच रस्त्याने नेलं. तो उतार आला तसा मी ब्रेक दाबला आणि गाडी जिथे हवी तिथे थांबली. शेजारी आत्याबाईंचाही उजवा पाय पुढे गेला होता. तिथे पेडल नव्हतं, तरी त्या जोर लावून दाबून बसल्या होत्या, आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत त्यांनी पाय उचलला नाही.