एका कळशीची गाडी

गाडी वळणावर पुन्हा उलटली. आधी तिचं तोंड उचललं, पुढची चाकं हवेत गरगरली, मग मागचा टायर सिमेंटच्या कडेवरून घसरला आणि अख्खा टँकर कुशीवर आडवा झाला. झाकणातून भळकन पाणी आलं ते थेट गुणाजीच्या पायजम्यावर.

"घे! माझी आंघोळ झाली," गुणाजी म्हणाला. "अगो, आता ह्येका उचलूक क्रेन खंयसून आणू?"

रिमोट मांडीवर ठेवून त्याच्या बायकोने, सुलक्षणाने गाडी उचलली, उलटी करून उरलेलं पाणी काढलं आणि पदराने बोनेट पुसलं. बोनेटला पोचा आला होता. सहा महिने खपून केलेली गाडी, आणि रविवारी सगळ्यांसमोर हिची परीक्षा. आज शुक्रवार.

"म्हणजे तो मेला खरंच बोलत होता," ती म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता, की गुणाजीने पुढचा विनोद गिळला.

'मेला' म्हणजे विशाल, टँकरचा ड्रायव्हर. भांडुपच्या टेकडीवर त्यांची कातळवाडी. नळाचं पाणी वरपर्यंत चढत नाही, म्हणून एक दिवसाआड टँकर येतो. आधी खालच्या आळीत उभा राहतो, तिथे निम्मी टाकी रिकामी होते. मग उरलेलं पाणी घेऊन वरच्या आळीकडे चढणाऱ्या वळणाच्या पायथ्याशी येतो आणि तिथेच ठाण मांडतो. वरच्या आळीने हंडे-कळश्या घेऊन उतरायचं आणि भरून पुन्हा चढायचं. सुलक्षणा लग्न होऊन आली तेव्हापासून चढतेय. आता उजवा गुडघा बोलायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं, ओझं बंद. डॉक्टरांचं काय जातं सांगायला!

टँकर वळण चढायचा प्रयत्न एकदा झाला होता, दोन वर्षांपूर्वी. गाडी मधूनच मागे घसरली आणि भिंतीला जाऊन बसली. चालवत विशालच होता. कुणाला लागलं नाही, पण मालकाने दोन्ही आळ्यांदेखत त्याला झाडलं, "हात नाही तुझ्यात, हात!" तेव्हापासून विशालचं एकच पालुपद, "गाडी चढत नाही." गेल्या दिवाळीत सुलक्षणा त्याच्याशी भांडायला उतरली, तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, "जमत असेल तर तुम्हीच चढवून दाखवा ना काकी!"

"दाखवते," सुलक्षणा म्हणाली होती.

लोक हसले. गुणाजीसुद्धा हसला. पण सुलक्षणाने उगाच फुशारकी मारली नव्हती. मुलुंडच्या कारखान्यात तिने वीस वर्षं रेडिओच्या पार्टांना सोल्डरिंग केलं होतं. कारखान्याला टाळं लागलं, हाताला थोडंच लागतं! भांडणानंतरच्या पुढच्याच खेपेला तिने मोजपट्टी घेऊन विशालचा टँकर मापून काढला. तो बघतच राहिला. खऱ्याच्या बरोबर दहावा हिस्सा, असं तिने ठरवलं. सरकत्या खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमचे तुकडे आणले, त्याची चासी झाली. भंगारवाल्याकडून वायपरची मोटर आणली. खोक्यांना बांधतात ती लोखंडी पट्टी कापून, वाकवून, एकावर एक चढवून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे केले. गोडेतेलाच्या डब्याच्या पत्र्याची टाकी केली आणि तिला असे डाग दिले, की पाण्याचा थेंब बाहेर येईल तर शपथ. रिमोट, रिसीव्हर आणि चाकं वळवणारी चिमुकली मोटर लॅमिंग्टन रोडवरून आणली. पहिल्यांदा गाडी सुरू केली तर डावीकडे वळवली की उजवीकडे जायची. गुणाजी म्हणाला, "अगदी तुझ्यावर गेली." ते तिने दुरुस्त केलं. गाडी दुरुस्त केली म्हणजे, गुणाजी काही दुरुस्त होण्यातला नव्हता.

पण गुणाजी गवंडी होता, आणि हसून झाल्यावर तोच थापी घेऊन बसला. लेव्हलची नळी लावून त्याने खऱ्या वळणाचा चढ काढला, फितीने रुंदी घेतली आणि घरापुढच्या ओट्यावर सिमेंटचं जसंच्या तसं वळण बांधलं, दहावा हिस्सा. कडेचा खड्डासुद्धा सोडला नाही.

"खड्डो कित्याक?" सुलक्षणाने त्याच्याच भाषेत विचारलं.

"खरो हा म्हणान," तो म्हणाला.

सगळं खऱ्यासारखं. टाकीतलं पाणीसुद्धा. दहा हजार लिटरचा टँकर, म्हणजे हिच्या टाकीत दहा लिटर, बरोबर एक कळशी. पण वळणाशी पोचेपर्यंत टँकर निम्मा झालेला असतो, म्हणून सुलक्षणाने प्रामाणिकपणे अर्धीच कळशी ओतली होती. आणि गाडी दर वेळी उलटत होती.

शनिवारी सकाळी टँकर आला. सुलक्षणा कळशी घेऊन उतरली. ड्रायव्हरकडे बघायचंही तिच्या जिवावर आलं होतं. विशालने पाइप धरला आणि विचारलं, "काय काकी, उद्या बघायचं ना?"

"ये तू," ती म्हणाली. "वेळेवर ये."

गुडघ्यापायी ती हल्ली अर्धीच कळशी भरायची. शेजारची वसुधा भरलेला हंडा डोक्यावर घेऊन तिच्यापुढे निघाली होती. हंड्याला हात नाही, कानाशी फोन, बहिणीशी गप्पा. हंड्यातलं पाणी जागचं हलत नव्हतं. आणि सुलक्षणाच्या कमरेवरची अर्धी कळशी पावलागणिक हिंदकळत होती. पाणी मागे गेलं की ती मागे ओढली जायची, पुढे आलं की पोटावर सांडायचं. वळणावर पोचेपर्यंत कमरेखालचं लुगडं भिजलं. रोजच भिजायचं. रोज ती स्वतःच्या गुडघ्याला शिव्या द्यायची.

आज ती वळणावर थांबली. कळशी मुद्दाम डुचमळवून बघितली. पाणी सरसरत मागच्या बाजूला गेलं आणि कळशीने तोंड वर केलं.

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तिने लहानपणी शाळेच्या फळ्यावर वाचलं होतं आणि पुढे आयुष्यभर शेजारणींना उद्देशून वापरलं होतं. टँकरला लावून बघायचं काही सुचलं नव्हतं.

ती घरी आली ती तडक ओट्यावर. आहे ते पाणी गाडीत ओतलं, पिंपातलं काढून आणखी ओतलं, टाकी काठोकाठ भरली आणि झाकण लावलं.

"खुळावलंस काय?" गुणाजी चहाचा कप घेऊन बाहेर आला. "अर्ध्यान चढणा नाय, ती भरल्यान कशी चढतली?"

सुलक्षणाने दांडी पुढे रेटली. मोटर कण्हली. पाटे दबले, मागची चाकं सिमेंटला चिकटून बसली आणि गाडी कुथत कुथत चढाला लागली. वळण आलं. सुलक्षणाने श्वास रोखून दुसरी दांडी वळवली. तोंड उचललं नाही. पुढची चाकं जमिनीला धरून, शहाण्या मुलासारखी वळली. खड्ड्यात एक चाक गेलं, टाकी किंचित कलली, सावरली, आणि गाडी वर येऊन सपाटीवर उभी राहिली.

"अगो बाय माझे!" गुणाजी म्हणाला. चहा त्याच्या पायजम्यावर सांडला होता, ते त्याला कळलंही नाही. मग तिने अर्धं पाणी काढून गाडी खाली उतरवूनही बघितली; उतारावर पाणी पुढच्या चाकांवर आलं आणि तोंड खालीच राहिलं.

रविवारी ओट्यासमोर जत्राच भरली. वरची आळी होतीच, खालच्या आळीतलेही तमाशा बघायला चढून आले. कुंदाताई तर घरून प्लास्टिकची खुर्ची घेऊन आल्या. खालच्या आळीत त्यांचा शब्द चालायचा, आणि त्या बसल्याशिवाय तो कधी उच्चारत नसत. विशाल सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभा होता.

सुलक्षणाने रिमोट त्याच्यापुढे धरला.

"मी नको. तुम्ही चालवा ना," तो म्हणाला.

"ड्रायव्हर तू. मग तूच चालव."

त्याने तळवे पँटला पुसले आणि रिमोट घेतला. सुलक्षणाने सगळ्यांना दाखवून अर्धी कळशी ओतली. विशालने गाडी चढाला लावली. हात हलका होता पोराचा, सुलक्षणाहून कितीतरी सफाईदार. तरी वळणावर तोंड उचललं आणि गाडी धाडकन आडवी. पोरं खिदळली.

"बघा! बोललो होतो ना?" विशाल म्हणाला. पण जिंकलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता.

सुलक्षणाने गाडी सरळ केली आणि काठोकाठ भरली.

"काकी, पाणी डबल झालं. इंजिन बसेल."

"बसू दे की. एवढीशी गाडी, बसली तर काखेत मारून घरात नेईन."

विशालने दांडी रेटली. मोटरचं कण्हणं तेवढं ऐकू येत होतं. गाडी वळणाशी आली, वळली, खड्डा ओलांडला आणि वर जाऊन उभी राहिली. मग जो काही आरडाओरडा झाला! वसुधाने दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. ती तिला येते, हे तिच्या सासूलाही त्या दिवशीच कळलं.

सुलक्षणाची छाती आनंदाने भरून आली. सहा महिने मनात घोळवलेलं वाक्य ओठांवर आलं, 'काय रे, चढते ना?' तेवढ्यात विशाल म्हणाला, "काकी, अर्धं पाणी काढा."

तिने काढलं. त्याने गाडी नेली. उलटली. "भरा." तिने भरली. चढली. "अर्धं काढा." पुन्हा उलटली.

"अरे, मान की आता!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. सुलक्षणाच्याही डोक्यात तिडीक गेली. असला कसला हेकट पोरगा! ती तोंड उघडणार, तोच तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं.

विशाल आडव्या गाडीशेजारी उकिडवा बसला होता. त्याने खिशातला रुमाल काढला, टाकी पुसली, मग एकेक चाक पुसलं.

"काकी," तो खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी पण टाकी अर्धीच होती."

सुलक्षणा त्याच्याजवळ गुडघा सांभाळत बसली.

"असंच झालं होतं. स्टेअरिंग एकदम हलकं लागलं. मी वळवतोय आणि गाडी ऐकतच नाही. मालकाला किती सांगितलं." त्याने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "नंतर मलाच वाटायला लागलं, आपला हातच नाही."

हा पोरगा दोन वर्षं 'गाडी चढत नाही' म्हणत होता आणि ती त्याला आळशी, माजोरडा, काय काय म्हणत आली होती. त्याला तोंडघशी पाडायला तिने ही गाडी बांधली होती. सुलक्षणाला एकदम भडभडून आलं. मनातलं वाक्य तिने तिथेच सोडून दिलं.

"हात चांगला आहे तुझा," ती म्हणाली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात पुन्हा म्हणाली, "हात चांगला आहे पोराचा! पाणी वाईट वागलं."

"म्हणजे आता भरलेली गाडी आधी वर यायची," कुंदाताई खुर्चीतून बोलल्या. सगळे त्यांच्याकडे वळले. "आणि आम्ही खाली थांबायचं. तुमचं उरेल ते भरायचं."

खरंच होतं ते. गुणाजी उगाच थापीला लागलेलं सिमेंट खरवडू लागला.

"इतकी वर्षं आमचं उरलेलं तुम्ही भरलंत," कुंदाताई उठत म्हणाल्या. "आम्हाला काय धाड भरलीय? मात्र अर्धं ते अर्धंच. पाइप मोजून बंद करायचा." आणि खुर्ची उचलून त्या उतरायला लागल्या.

सोमवारी सकाळी टँकर खालच्या आळीत थांबला नाही. हॉर्न वाजवत सरळ वळणाच्या पायथ्याशी आला. घरापुढच्या गाड्या, कुंड्या, दोरीवरचे कपडे, सगळं आधीच हटवलं होतं. सुलक्षणा वळणाच्या वरच्या अंगाला उभी होती. क्लीनर उतरला आणि मागच्या चाकांमागे मोठे दगड धरून उभा राहिला.

पहिला गिअर पडला. जमीन थरथरली. टँकर एवढा सावकाश येत होता, की चालतोय का थांबलाय तेच समजेना. वळण आलं. काचेआड विशालचे ओठ घट्ट मिटलेले होते. पुढचं चाक वळलं, रस्त्याला धरून. सुलक्षणाचे दोन्ही अंगठे हवेतल्या हवेत वळले.

"अगो, तुझ्या हातात रिमोट नाय," गुणाजी कुजबुजला.

"गप बसा हो!"

मागचं चाक खड्ड्यात गेलं, टाकी कलली, बाया किंचाळल्या, चाक बाहेर आलं. आणि टँकर, दहा हजार लिटर पाणी पोटात घेऊन, वरच्या आळीत सुलक्षणाच्या दारासमोर येऊन उभा राहिला. विशालने इंजिन बंद केलं नाही. हॉर्नवर हात ठेवला आणि ठेवलाच. खालच्या आळीतून कुणीतरी ताट बडवायला लागलं. गुणाजी गाडीच्या बोनेटवर थापा मारत होता, आपलीच गाडी असल्यासारखा.

मग रांग लागली. सुलक्षणाची पाळी आली तेव्हा तिने सवयीने कळशी पाइपखाली धरली आणि निम्मी झाल्यावर ओढून घेतली.

विशालने पाइप सोडला नाही. दुसऱ्या हाताने त्याने कळशीचा काठ धरून ती पुन्हा खाली ओढली.

"भरून घ्या काकी. अर्धी नको."

कळशी काठोकाठ भरली. दार चार पावलांवर होतं. सुलक्षणाने ती कमरेवर घेतली आणि घरात नेऊन ठेवली. लुगडं कोरडं होतं.