तिसरी कमान

पूल तीनशे वर्षांचा, काळ्या दगडाचा, पाच कमानींचा. पुरात तिसऱ्या कमानीच्या माथ्यावरचा दगड निखळला आणि दुरुस्तीच्या कामावर दोघे भाऊ लागले. थोरल्याची सव्वीस वर्षं दगड घडवण्यात गेलेली. धाकट्याला छिन्नी धरायला त्यानेच शिकवलेलं. तरी इंजिनिअर मॅडमनी माथ्याचा दगड दिला धाकट्याला. थोरल्याच्या वाट्याला कठडा.

"हात फार सफाईदार आहे हो त्याचा," मॅडम थोरल्यालाच सांगत होत्या.

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी बायकोनेही विचारलं, "भाऊजींचा दगड कुठवर आला?" ताट तसंच सरकवून तो उठला.

एका दुपारी धाकटा हात धुवायला नदीवर उतरला, तेव्हा थोरल्याने त्या दगडाला टेप लावली. नकाशात पाचही कमानी सारख्या होत्या. त्या हिशेबाने दगड चांगला दोन बोटं जास्त रुंद! बसणारच नव्हता. सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली. होऊ दे फजिती चारचौघांत. पुढचे तीन दिवस तो कठडा घडवताना चक्क शीळ घालत होता.

दगड चढवायच्या दिवशी तो सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. कप्पीची साखळी कुरकुरत दगड खाली आला, जरा अडला आणि असा बसला, की फटीत कागदही शिरला नसता.

"बांधताना या खांबाला पक्का खडक जरा पुढेच लागला असणार," धाकटा मॅडमना सांगत होता. "म्हणून खांब सरकवून ही एकच कमान रुंद केली. दगड तेवढेच, पण एकेक जरा मोठा. नकाशा काढणाऱ्याने पाचही सारख्याच दाखवल्यात. मी दोरी लावून मोजली."

थोरल्याने कमान मोजलीच नव्हती.

माणसं पांगल्यावर धाकटा जवळ आला. "दादा, तू दगडाला टेप लावलीस ते मी पाहिलं होतं. चुकलाय असं वाटलं ना तुला?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चुकायला हवा होतास मला," थोरला म्हणाला. त्याची मान वर होईना.

धाकटा हत्यारांची पिशवी उचलून पुलाच्या पलीकडच्या टोकाला गेला. दुसऱ्या दिवसापासून तो कामापुरतंच बोलू लागला, आणि तेही "अहो दादा" म्हणून.