नाकवाल्याचे सात रविवार

साबणाच्या कारखान्यात एकतीस वर्षं वास तपासण्याचं काम केलं म्हणून मित्र त्याला ‘नाकवाले’ म्हणत. निवृत्तीनंतर ते नाक एकाच ठिकाणी कामी येई, रविवारी दुपारी, घड्याळजीच्या दुकानामागच्या खोलीत. तिथे तिघं पाईप ओढत बसत: घड्याळजी, शिंपी आणि तो. दांडी सरळ बरी की बाकदार, कुठल्या लाकडाचा पाईप थंड राहतो, यावर तास तास वाद चाले. तंबाखूच्या बाबतीत मात्र शेवटचा शब्द त्याचा.

हिवाळ्यात त्याला ताप आला. ताप उतरला, पण जाताना वासाची जाणीव घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, परत येईलही, सांगता येत नाही. बायकोला कळलं ते दूध करपलं तेव्हा. हा शेजारीच पेपर वाचत बसलेला.

“अहो, सांगून टाका की मित्रांना.”

“सांगतो,” तो म्हणाला, आणि सात रविवार तसेच गेले.

शिंप्याच्या भुवया वर गेल्या की तो म्हणे, “जरा जहाल आहे.” घड्याळजीने डोळे मिटले की म्हणे, “चांगली मुरलीय.” अंदाज बहुतेक वेळा बसे. पण घरी येईस्तोवर अंगात त्राण उरत नसे. कारखान्यात सलग दोन पाळ्या करूनही तो इतका थकला नव्हता.

आठव्या रविवारी घड्याळजीने मागच्या दोन वेळांसारख्याच दोन बरण्या पुढे ठेवल्या. एकीवर एक, दुसरीवर दोन लिहिलेलं. “सांग, कुठली सरस?”

त्याने दोन वेगळ्या पाईपांत भरून दोन्ही ओढून पाहिल्या. जिभेवर ऊब, बाकी काही नाही. सवयीने त्याने चेहरे पाहिले. शिंपी खाली पडलेली काडेपेटी शोधत होता आणि घड्याळजी सरळ त्याच्याकडेच बघत होता. थाप सुचत नव्हती असं नाही. मारायचा कंटाळा आला होता.

“मला काही कळत नाही,” तो म्हणाला. “वासच येत नाही. त्या तापापासून.”

शिंपी टेबलाखालून वर आला. “म्हणजे मागे तू ती गोडसर चांगली म्हणून सांगितलीस, ती?”

“अंदाजाने सांगितली.”

“अरे, मी तिचे दोन डबे घेतले. रोज तोंड वाकडं करून ओढतोय. म्हटलं, आपल्यालाच अक्कल नाही.”

घड्याळजीने बरण्यांची झाकणं लावली. “दोन्हींत एकच तंबाखू आहे. तीन रविवार मी हेच करतोय.”

“मग बोलला का नाहीस?”

“तू बोलशील म्हणून थांबलो. आणि खरं सांगू, भीती वाटली. तू यायचा बंद झालास तर आम्ही दोघांनी काय करायचं? ह्याचं नि माझं घटकाभरही पटत नाही.”

“ते खरंय,” शिंपी म्हणाला.

“पण आता मी येऊन तरी काय करू?”

शिंप्याने खिशातून आपला नवा पाईप काढला. “हा तापतो का बघ. त्याला काही नाक लागत नाही.”

त्याने भरला, पेटवला, मुठीत धरला. अर्धी तंबाखू जळेपर्यंत हात भाजायला लागला. “लाकूड पातळ आहे. दमानं ओढत जा.”

“लाकडाला काय झालंय? हा घाई करतो,” घड्याळजी म्हणाला, आणि दोघांची जुंपली. तो ऐकत मागे टेकला. डोळे जड झाले. जाग आली तेव्हा उन्हं कलली होती आणि पाईप कुणीतरी त्याच्या हातातून काढून राखदाणीत ठेवला होता. दोघं हलक्या आवाजात अजून भांडतच होते.

घरी बायकोने दार उघडलं. “सांगितलंत?”

“सांगितलं.”

“मग? काय म्हणाले?”

“शिंप्याचे दोन डबे फुकट गेले.”

ती हसली. तोही थोडं हसला. मग बुटाची नाडी सोडायला खाली बसला आणि नाडी हातात धरून तसाच राहिला; नाक काही परत आलं नव्हतं.